भाऊंचा वाढदिवस आणि माझी तर्री

रविवार. सासरे निफाडहून आलेले. घरात माझ्याकडे एकच खातं आहे: मिसळ आणणे. आठ जणांचं पार्सल. मटकी वेगळी, रस्सा वेगळा, तर्री वेगळी, पावाच्या दोन लाद्या, कांदा-लिंबाची पुडी. सगळं स्कूटरच्या हुकाला अडकवून आमच्या गल्लीत वळायला लागलो, तर गल्लीतून काय येतंय ते दिसेचना. कारण कोपऱ्यावर भाऊ.

भाऊ म्हणजे दहा बाय पंधराचे भाऊ. एक टोक विजेच्या खांबाला, दुसरं गुलमोहराला, तारेनं करकचून आवळलेलं. (झाडाला तार आवळणाऱ्याच्या मनगटाला तीच तार आठवडाभर बांधून ठेवली पाहिजे. असो.) पांढरा शर्ट, गॉगल, कानाला मोबाइल. वाढदिवसाच्या दिवशीसुद्धा बिचारे फोनवर कोणाचं तरी काम करून देतायत. मी हळूहळू भाऊंच्या कोपरापर्यंत पुढे सरकलो आणि भाऊंच्या खिशातून पाण्याच्या जारचा टेम्पो बाहेर आला.

ब्रेक मारला. खाली बारीक कच. गेल्या महिन्यात केबलवाल्यांनी डांबर उकरून, माती लोटून, वर कच पसरून सोडून दिलेली. स्कूटर आडवी, मी आडवा, आणि तर्रीची पिशवी फुटली ती माझ्या छातीवर. सासरे आलेत म्हणून पांढरा शर्ट घातला होता. गुडघा सोलला ते नंतर कळलं, आधी तिखट झोंबलं.

टेम्पोवाला काच खाली करून म्हणतो, ‘काका, जरा बघून चालवा ना.’ काका! आणि बघून! काय बघून? भाऊंची बत्तिशी? मदतीला धावलेला पहिला माणूस तर अस्सल नाशिककर. वाकून पिशवीकडे बघत म्हणाला, ‘अरेरे... कुठली होती?’

रस्त्यावर बसल्या बसल्या दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून फ्लेक्स वाचला. वर गोलात पाच नेते. मध्ये भाऊ. खाली पोस्टाच्या तिकिटाएवढे चेहरे, मोजले, सत्तावीस. त्यात एक चिरंजीव असे की ज्यांना अजून दुधाचे दात असतील, त्यांच्या नावाखाली ‘युवा नेतृत्व’. हा ‘युवा’ शब्द आणि तो ‘भावी’ शब्द, दोन्हीवर दहा वर्षं बंदी घाला. कोणी भावी नगरसेवक, कोणी भावी आमदार, आमच्या चौकातला एक जण तर २०१७ पासून भावीच आहे.

आणि सगळ्यात खाली, लाल पट्टीत: ‘शुभेच्छुक : समस्त रहिवासी’, पुढे आमच्या सोसायटीचं नाव. समस्त! म्हणजे मी पण. म्हटलं, मला न विचारता? तिथेच मोबाइल काढला, ग्रुप उघडला, वर सरकवत गेलो. सेक्रेटरींचा मेसेज सापडला: ‘भाऊंच्या सत्कारासाठी प्रत्येक फ्लॅटमागे २००.’ खाली एकोणीस अंगठे. सातवा अंगठा माझा. पैसेही पाठवलेत, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, बहुतेक डुलकी घेता घेता. म्हणजे ज्या फ्लेक्सनं मला आडवं केलं त्याची एखादी खिळापट्टी माझ्या पैशातली.

ते असू दे. माझा मूर्खपणा एका बाजूला, पण ही गोष्ट एव्हाना मिटायला नको होती का? भिंती-खांब विद्रूप करण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात १९९५ सालचा आहे. बेकायदा होर्डिंगवर हायकोर्टानं २०१७ मध्ये कडक आदेश दिले. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, १७ माणसं गेली. त्यानंतर चार दिवस सगळीकडे मोजमापं, नोटिसा. आणि आज माझ्या गल्लीच्या तोंडाशी लाकडी चौकट वाऱ्यावर डुलतेय, तिला अडवायची कोणाची टाप नाही, कारण ज्यांनी काढायची त्यांनी ज्यांना सलाम करायचा, तेच तिच्यावर हसतायत.

आता तोंड उघडलंच आहे तर. द्वारका चौक! माझी दहावी झाली तेव्हाही तिथे अडकायचो, आता मुलाची दहावी झाली, तरी तिथेच अडकतो. मेट्रो! २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये २०९२ कोटी नाशिकच्या मेट्रोला, टायरवर चालणारी, देशात पहिली, पेढे वाटले लोकांनी. टायर सोडा, अजून ट्यूब दिसली नाही. त्या भरवशावर फ्लॅट घेतलेले दोघे माझ्या ऑफिसात आहेत, त्यांच्यापुढे मेट्रोचं नाव काढायचं नाही असा अलिखित नियम आहे. गंगापूर धरण उशाला आणि आमच्या नळाला पाणी पहाटे, तेही करंगळीएवढं. घंटागाडीत ओला-सुका वेगळा टाकायचा, वर आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ रोज रात्री पिशवी खिडकीतून भिरकावतात आणि सकाळी ग्रुपवर ‘स्वच्छ नाशिक’ची चित्रं टाकतात. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, म्हणून जिकडे बघावं तिकडे खोदलेलं. बारा वर्षांनी येतो हो सिंहस्थ! अचानक नाही येत. रामकुंडाला बारा वर्षं आधी माहीत असतं, आपल्यालाच ऐन वेळी आठवतं.

आणि आठवण झालीच म्हणून, भाऊंना निवडून कोणी दिलं?

मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, मग जवळपास चार वर्षं शहराला नगरसेवकच नव्हते, प्रशासक. ती चारही वर्षं मी पानटपरीवर भाषणं ठोकली: लोकशाहीचा खून, विचारायचं कोणाला, जबाबदार कोण. शेवटी १५ जानेवारी २०२६ ला मतदान. १२२ जागा, आमच्या प्रभागात अ, ब, क, ड असे चार जण, म्हणजे चार मतं. मी बोटाला शाई लावून सेल्फी काढला. आता खरं सांगतो, त्या आधी काय झालं ते.

पहिलं मत चिन्ह बघून. घरात वडिलांपासून तेच चिन्ह. दुसरं भाऊंना. का? तर तीन वर्षांपूर्वी काकांच्या दशक्रियेला भाऊ रामकुंडावर उन्हात तासभर उभे होते. श्रद्धांजलीचं भाषण केलं, काकांचं नाव चुकवलं, पण आले होते ना! तिसऱ्या जागेवर बाई होत्या, पत्रकावर त्यांच्यापेक्षा नवऱ्याचा फोटो मोठा, त्यामुळे नवरा ओळखीचा वाटला. आणि चौथं? तिघं झाल्यावर मी निघालोच होतो, तर आतला कर्मचारी म्हणाला, ‘काका, अजून एक राहिलंय.’ मागे रांग, पुढे सगळी अनोळखी नावं. अंगठ्याजवळचं बटण दाबलं. शिट्टी वाजली. नोटा होता, पण तो सगळ्यात खाली, आणि माझा चष्मा गाडीत.

उमेदवाराचं शपथपत्र असतं. गुन्हे किती, मालमत्ता किती, शिक्षण काय, सगळं त्यात लिहून द्यावं लागतं, वाचायला फुकट मिळतं. मी कुकरची रबरी रिंग घ्यायला मेन रोडवर तीन दुकानं फिरलेला माणूस आहे. शपथपत्र एकही उघडलं नाही. आणि आता चौघांपैकी कोणालाही गटाराचं झाकण सांगा, तो म्हणतो, ‘ते माझ्याकडे नाही, तुम्ही ड-वाल्यांना सांगा.’ ड-वाले म्हणजे अंगठ्याजवळचं बटण.

घरी पोचलो तेव्हा हिनं दार उघडलं, शर्टाकडे बघून किंचाळली, मग वास आला आणि थांबली. ‘रक्त नाही ना? तर्री आहे?’ हो म्हटल्यावर काळजी संपून राग सुरू झाला. रस्सा वाचला होता, तर्री शून्य. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, पोटाला बरी. बिनतर्रीची मिसळ खाताना मी पुन्हा पहिल्यापासून सगळं ऐकवलं: कायदा, हायकोर्ट, सत्तावीस चेहरे. सासरे शांतपणे पाव मोडत होते. त्यांचा उन्हाळ कांदा काढून शेतातच पडलाय आणि आभाळ रोज भरून येतंय, त्यांना माझ्या भाषणात फारसा रस नव्हता.

एवढंच विचारलं, ‘केवढाय म्हणालात?’

‘दहा बाय पंधरा.’

‘कापड जाड आहे का पातळ?’

जाड आहे म्हटलं. त्यांनी हात धुतले, पायात चपला सरकवल्या आणि दारातून वळून म्हणाले, ‘पाहुणे, घरात पक्कड असंल तर घ्या. तार तोडू नका, सोडवून घेऊ. ती पण लागती.’