शिव्या कोण देतं, यावरून पारा ठरत नाही

'जागतिक तापमानवाढ हे थोतांड : फक्त पाच प्रश्न विचारा' हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी टाकला. माझी भाची भूगोल घेऊन बीए करते आहे. तिने त्यातल्या एका मुद्द्यावर चार सभ्य ओळी लिहिल्या. त्यावर 'ग्रेटाची चेली' (म्हणजे स्वीडनची हवामान कार्यकर्ती ग्रेटा थनबर्ग), 'आधी घरातला एसी बंद कर', 'चार बुकं शिकलीस म्हणून अक्कल शिकवू नकोस' असा भडिमार झाला आणि पोरगी गप्प झाली. आणि त्याच मेसेजची शेवटची ओळ अशी : 'प्रश्न विचारला की हवामानवाले शिव्या देतात. ज्याच्याकडे पुरावा नसतो तोच शिव्या देतो.' हे वाचल्यावर मला राहवलं नाही.

'हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, त्याने काय होणार?' आकडा बरोबर आहे. पण औद्योगिक क्रांतीपूर्वी तो दहा लाखांत २८० भाग होता, आज ४२० च्या वर आहे, म्हणजे दीडपट. नायट्रोजन आणि ऑक्सिजन उष्णता अडवत नाहीत, हे थोडेसे वायूच अडवतात. जॉन टिंडल यांनी १८५९ साली प्रयोगशाळेत हे मोजलं, तेव्हा ना कुठलं अनुदान होतं ना कुठली आंतरराष्ट्रीय परिषद. 'ज्वालामुखी माणसापेक्षा जास्त कार्बन सोडतात' हे साफ खोटं. सगळे ज्वालामुखी मिळून माणसाच्या एक टक्काही सोडत नाहीत. एवढ्यावर हे दोन प्रश्न संपतात.

तिसरा प्रश्न मात्र सविस्तर घ्यायला हवा, कारण भाचीने उत्तर दिलं होतं ते यालाच. 'तापमापक सिमेंटच्या जंगलात आहेत म्हणून आकडे फुगतात, आणि हे कुणी तपासतच नाही.' पहिलं अर्धं वाक्य खरं आहे. पुण्यात हिवाळ्यात झाडीचं पाषाण आणि दाट बांधकामाचं मगरपट्टा इथल्या पहाटेच्या पाऱ्यात किती फरक असतो, ते पेपरात येतंच. शहर तापतं यात वादच नाही.

दुसरं अर्धं वाक्य धादांत खोटं आहे. रिचर्ड म्यूलर हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले भौतिकशास्त्रज्ञ. त्यांना नेमकी हीच शंका होती आणि ते ती उघडपणे बोलून दाखवत. २०१० मध्ये त्यांनी स्वतःचा गट उभा केला. त्यात सॉल पर्लमटर होते, ज्यांना पुढच्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पैसे देणाऱ्यांत चार्ल्स कोक यांचं प्रतिष्ठान होतं. या घराण्याचा धंदाच तेलाचा. या गटाने जगभरातल्या सुमारे ३९ हजार केंद्रांच्या नोंदी जमवल्या, शहरांपासून लांबची केंद्रं वेगळी काढली आणि त्यांचा कल सगळ्यांच्या कलाशी ताडून पाहिला. वाढ तीच निघाली. २०१२ मध्ये म्यूलर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून आपलं मत बदलल्याचं जाहीर केलं : अडीचशे वर्षांत जमिनीवरचं तापमान सुमारे दीड अंश सेल्सिअसने वाढलं आणि ती वाढ जवळजवळ सगळी माणसाने केलेली आहे.

शंका घेणं म्हणतात ते याला. आता दुसरं टोक बघा. तापमापक चुकीच्या जागी बसवलेत ही मोहीम अमेरिकेत अँथनी वॉट्स यांनी चालवली. मार्च २०११ मध्ये त्यांनी लिहिलं होतं की म्यूलर यांच्या गटाचा निकाल माझ्या विरोधात गेला तरी मी तो स्वीकारायला तयार आहे. निकाल विरोधात गेला आणि त्यांनी पद्धतीतल्या खोडी काढून तो नाकारला. मामा, तुमचा मेसेज या दुसऱ्या जातीचा आहे. त्यात प्रश्न पाच आहेत, पण उत्तर ऐकायची तयारी एकाचंही नाही.

चौथा मुद्दा ईमेलचा. नोव्हेंबर २००९ मध्ये इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातले हजारावर ईमेल चोरून फोडले गेले. त्यात तिथले हवामानशास्त्रज्ञ फिल जोन्स यांनी एका आलेखाविषयी 'घसरण लपवण्या'बद्दल लिहिलं होतं, म्हणून 'तापमान घसरत होतं, ते लपवलं' अशी आवई उठली. ती घसरण तापमानाची नव्हतीच. काही झाडांच्या खोडातल्या वाढीच्या वर्तुळांवरून काढलेले तापमानाचे अंदाज १९६० नंतर प्रत्यक्ष तापमापकाशी जुळेनासे झाले होते, त्याबद्दल ते बोलणं होतं. मात्र तो आलेख ज्या पद्धतीने छापला ती दिशाभूल करणारी होती, असं सर म्यूर रसेल यांच्या चौकशी समितीने २०१० मध्ये नोंदवलं. माहिती मागणाऱ्यांशी हे शास्त्रज्ञ मोकळेपणाने वागले नाहीत हेही नोंदवलं. 'तुम्हाला त्यात चूकच शोधायची असेल तर मी आकडे का देऊ?' असं जोन्स यांनी एकाला लिहिलं होतं, आणि ते शास्त्रज्ञाला शोभणारं नव्हतं, हे मान्य. पण त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही, हा त्याच समितीचा निष्कर्ष मेसेजात कुठेच नाही.

आता पाचवा मुद्दा, ती शिव्यांची ओळ. ईमेल फुटल्यावर जोन्स यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. आत्महत्येचा विचार मनात आला होता, असं त्यांनी स्वतः सांगितलं. २०१२ मध्ये तापमानवाढ नाकारणाऱ्या हार्टलँड इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेने शिकागोत एक मोठा फलक लावला. त्यावर बॉम्ब पाठवून माणसं मारणाऱ्या टेड काझिन्स्कीचा फोटो आणि शेजारी मजकूर : माझा अजूनही तापमानवाढीवर विश्वास आहे, तुमचा? चोवीस तासांत तो उतरवावा लागला. मग मेसेजच्या न्यायाने पुरावा कुणाकडे नाही?

आमच्या बाजूने असं घडलंच नाही, असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमधल्या १०:१० या कार्बन कमी करण्याच्या मोहिमेने २०१० मध्ये एक जाहिरातपट काढला, त्यात सामील न होणाऱ्या शाळकरी मुलांना बटण दाबून उडवलेलं दाखवलं होतं. तो किळसवाणा होता, त्याच दिवशी मागे घेतला गेला. आपल्याकडे व्ही. के. रैना या ज्येष्ठ भूवैज्ञानिकांनी २००९ मध्ये हिमालयातल्या हिमनद्यांविषयी वेगळं मत मांडलं, तेव्हा आयपीसीसीचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीचे, तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याला 'व्हूडू सायन्स', म्हणजे जादूटोण्याचं शास्त्र, म्हणून झटकलं. आणि २०३५ पर्यंत हिमनद्या नाहीशा होतील हा आयपीसीसीच्या अहवालातला दावा चुकीचा होता, हे जानेवारी २०१० मध्ये त्याच संस्थेला कबूल करावं लागलं. पचौरींचं बोलणं अनाठायी होतं आणि त्याची किंमत आम्ही अजून मोजतोय, कारण प्रत्येक मेसेजात तेच २०३५ येतं.

पण रैनांचा अपमान झाला म्हणून बर्फ वितळायचं थांबलं का? काठमांडूच्या इसिमोड या संस्थेने २०२३ मध्ये हिंदुकुश-हिमालयाचा हिशेब मांडला. २०११ ते २०२० या दशकात तिथल्या हिमनद्या आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने घटल्या. मामा, तुम्हाला हा आकडा पटत नसेल तर तो कुठे चुकला ते दाखवा, मी बसून वाचते. बर्कलीच्या नोंदीही सगळ्यांसाठी खुल्या आहेत. मात्र त्याआधी ग्रुपवर भाचीची माफी मागा.