ज्यावर नाव टाकता येत नाही ते

मागच्या दिवाळीत आमच्या हायस्कूलच्या एका जुन्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. जेवणं आटोपल्यावर दोघंतिघं जवळ आले. "सर, शाळेला काहीतरी द्यायचंय. काय देऊ?" म्हटलं, हायड्रोक्लोरिक आम्ल, मोरचूद, मॅग्नेशियमची फीत, स्पिरिट आणि चार डझन परीक्षानळ्या द्या. आणि दर जूनला द्या. पोरं हसली. पुढं शाळेत स्मार्ट टीव्ही आला, खाली बॅचच्या नावाची पाटी.

पोरांवर राग नाही. देणाऱ्याला नाव टाकायला जागा लागते. कमानीवर मिळते, वॉटर कूलरवर मिळते, आम्लाच्या बाटलीवर कोण टाकणार? पण विज्ञान शिकवायचं म्हणजे सामान संपणार, नळ्या फुटणार. जिथं वर्षभर काहीच फुटलं नाही तिथं प्रयोग झाले नाहीत, हे कुठल्याही विज्ञान शिक्षकाला विचारा.

मी १९९१ ला खटाव तालुक्यातल्या अनुदानित शाळेत लागलो. तेव्हा पगाराबरोबर वेतनेतर अनुदान यायचं. पगाराच्या ठरावीक टक्क्यात शाळेनं खडू, वीजबिल, डागडुजी, प्रयोगशाळा सगळं भागवायचं. उशिरा यायचं, क्लार्कशी भांडावं लागायचं, पण यायचं. प्रयोगशाळेला परिचर होता. नळ्या धुवायला माणूस असणं ही केवढी चैन होती ते तो निवृत्त झाल्यावर कळलं, कारण त्याची जागा परत भरलीच नाही. (तो काळ सोन्याचा होता असंही नाही. सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात, अशाही शाळा होत्या. साहेब तपासणीला आले की कपाट उघडायचं.)

२००४ नंतर ते अनुदान बंद पडलं. २०१३ ला पुन्हा सुरू झालं, पण पाच टक्के, आणि तेही पाचव्या वेतन आयोगाच्या पगारावर. आमचे पगार सहाव्यावर गेले, मग सातव्यावर गेले. शाळेचा खर्च मात्र सरकारच्या हिशोबात पाचव्यातच अडकलेला. लोक म्हणतात, मास्तरांचे पगार बघा केवढे! बरोबर आहे, माझा पगार चांगला होता. म्हणून तर स्पिरिट माझ्या खिशातून आलं. पण शेजारच्या विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकानं कुठून आणायचं? २००१ च्या 'कायम विनाअनुदानित' धोरणानं, म्हणजे सरकारकडं अनुदान कधीच मागायचं नाही या अटीवर, ती शाळा जन्मली. २००९ ला 'कायम' शब्द निघाला, पुढं अनुदानाच्या वीस-वीस टक्क्यांच्या हप्त्यांची वाट. तोपर्यंत तिथले गुरुजी सकाळी दूध घालून शाळेत यायचे.

आणि आपल्या सातारा जिल्ह्यात हे बोलायची सोय नाही. लगेच कोणीतरी रयत शिक्षण संस्थेच्या कर्मवीर अण्णांचं, भाऊराव पाटलांचं, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं नाव काढतं. म्हणे, लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी मंगळसूत्र मोडलं, तुम्हाला दोनशे रुपयांचं रसायन जड होतं? अहो, त्यांनी दागिने मोडले तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं! आता शाळा सरकारमान्य, अभ्यासक्रम सरकारचा, परीक्षा बोर्डाची. लक्ष्मीबाईंचा त्याग पुढं करून सरकारची थकबाकी झाकायची, हे मला त्या माउलीचा अपमान वाटतो.

थकबाकीचा परिणाम कुठं दिसतो? दहावीच्या प्रात्यक्षिकात. वीस गुण. ज्या पोरानं स्पिरिटचा दिवा कधी पेटवला नाही, त्याच्याही प्रयोगवहीत सगळे प्रयोग लिहिलेले असतात आणि गुण अठराच्या खाली सहसा येत नाहीत. मीही ती उतरवलेली वही ओळखतो, तुम्हीही ओळखता. टीव्हीवर लिटमस लाल झालेला वर्गानं बघितला, वही पूर्ण.

पोरांनी शाळेतच यंत्रं हाताळून वस्तू बनवाव्यात म्हणून केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅबसारख्या योजना आल्या, एकेका शाळेला वीस लाखांपर्यंत मदत. वाईट नाहीत. एका शाळेत थ्रीडी प्रिंटर बघायला गेलो, पोरांनी हौसेनं बनवलेल्या वस्तू मांडल्या होत्या. प्रिंटरमध्ये घालायची प्लास्टिकची तार संपल्यापासून तो झाकून ठेवलेला. योजनेत चालवण्याच्या खर्चालाही पैसे असतात, पण ठरावीक वर्षांपुरतेच; इथं मशीन होतं, मशीनमध्ये घालायचा माल नव्हता. आमच्या आम्लाचीच गोष्ट, फक्त महागातली.

माझं मागणं फार नाही. प्रयोगशाळेच्या संपणाऱ्या सामानाला वेगळा निधी द्या, पटावर मोजून, दरवर्षी, सातव्या आयोगाच्या काळातल्या भावानं. शाळेनं हिशोब द्यावा आणि फुटलेल्या काचेचा जाब कोणी विचारू नये. कंपन्या सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठीच्या त्यांच्या निधीचा, फोटो काढायला येतात, त्यांनाही संस्थेनं सांगावं की आधी पाच वर्षांच्या रसायनांचं बोला, मग टीव्हीचं.

मी निवृत्त झालो, माझी जागा अजून रिकामी आहे. सरकारच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून शिक्षक येईल म्हणतात. तोवर दहावीचं विज्ञान गावातलीच एक बीएस्सी झालेली मुलगी शिकवते, चांगलं शिकवते. तिच्या मानधनासाठी पालक महिन्याला वर्गणी काढतात. शाळा शंभर टक्के अनुदानित आहे.