शरीरातलंच आहे म्हणून निर्धोक?

एक्सोसोम म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या अतिसूक्ष्म पिशव्या. त्यांतून औषध देण्याबद्दलच्या लेखातलं ‘एक्सोसोम आपल्याच पेशी सोडतात, त्यामुळे त्यातून दिलेल्या औषधाचा अपाय होत नाही’ हे वाक्य मला अजिबात पटलं नाही. ते कोणत्या पेशीने सोडले, यावर सगळं अवलंबून. कॅन्सरच्या पेशीही एक्सोसोम सोडतात आणि आजार दुसऱ्या अवयवात पसरायला त्यांची मदत होते.

पोटतिडकीने लिहितोय, कारण दिवाळीनंतर अण्णांचे गुडघे दाखवायला आम्ही परभणीहून संभाजीनगरला गेलो होतो. एका दवाखान्यात ‘शरीरातलंच आहे, साइड इफेक्ट नाही’ असं म्हणत एक्सोसोमचं इंजेक्शन सुचवलं. साध्या फ्रीजमधून बोटभर बाटली काढून दाखवली. कशाच्या पेशींपासून बनवलंय, विचारलं तर उत्तर नाही. जेमतेम ३० ते १५० नॅनोमीटरचे हे कण. प्रयोगशाळेत जास्त दिवस ठेवायचे तर सहसा उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१९ मध्येच मंजुरी नसलेल्या एक्सोसोम उत्पादनांबद्दल लोकांना सावध केलं होतं. लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही. अण्णा सोयाबीनचे पैसे खिशात घेऊन तयारच बसले होते. मी त्यांना उठवून परत आणलं.