शस्त्र पोराच्या हातात दिलं कोणी?

आमच्या सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या घरात सध्या माझ्या भाचीच्या एका गोष्टीवरून वाद पेटलाय आणि मी इथे फिनलंडमध्ये, एस्पोला बसून फोनवर सगळ्या बाजू ऐकतेय, तर आता माझंही म्हणणं नीट लिहूनच टाकते. भाची अकरावीत आहे आणि फॅनफिक्शन लिहिते. म्हणजे आपल्याला आवडलेल्या कथेतली पात्रं घ्यायची आणि मूळ लेखकानं जे सांगितलं नाही ते आपण लिहायचं. आधी ती परदेशी फँटसीवरच लिहायची, शापित तलवारी, स्वतःचा मालक स्वतः निवडणाऱ्या जादूच्या कांड्या, आणि त्या हातात आलेली पंधरा-सोळा वर्षांची अनाथ, चिडलेली, रात्री झोप न येणारी पोरं. यंदा तिने अश्वत्थामा घेतला.

तिच्या गोष्टीत ब्रह्मशिर अस्त्र स्वतः बोलतं. त्याला अश्वत्थाम्याचं लहानपण माहीत आहे, दूध म्हणून पिठाचं पाणी दिलं आणि हा दूध प्यायलो म्हणून नाचला आणि बाकीची मुलं हसली, तो दिवससुद्धा. आणि शेवटच्या रात्री हा अस्त्र सोडायला निघतो तेव्हा ते त्याला विचारतं की तुला नक्की कोणाला मारायचंय, पांडवांना की त्या हसणाऱ्या पोरांना. बस्स, एवढीच गोष्ट. मला ती वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. शाळेच्या हस्तलिखिताला दिली तर परत आली, आणि घरात काका म्हणाले, "ह्या असा पुराणात खय लिवलेला आसा गो? अस्त्र कधी बोलता?" आत्याची काळजी वेगळीच, "इतक्या काळोखातला कित्याक लिवता ता? तेका काय झाला तर नाय मां?" शेजारीपाजारी म्हणतात मोबाईलचा परिणाम, परदेशी खूळ.

शेजाऱ्यांचं सोडून देते. काकांशी मात्र मला मनापासून भांडायचंय, आणि आत्याचं म्हणणं मला अर्धं पटतं, त्याबद्दल पुढे.

पुराणात काय लिहिलंय म्हणताय ना काका, तर महाभारतातलं सौप्तिक पर्व काढून बघा. ते अस्त्र अश्वत्थाम्याला मिळालं कसं? द्रोणांनी अर्जुनाला दिलं, हा मागे लागला, आणि द्रोणांनी मन नसताना, कितीही संकट आलं तरी माणसांवर सोडू नकोस असं बजावून, तू चांगल्यांच्या वाटेवर टिकणार नाहीस असं तोंडावर सांगून, तरीही दिलं. बापाला पोरगा माहीत होता आणि तरी दिलं! पुढे हाच अश्वत्थामा द्वारकेला जाऊन कृष्णाकडे ब्रह्मशिराच्या बदल्यात सुदर्शन मागतो, कृष्ण म्हणतो घे, आणि याला ते डाव्या हाताने उचलत नाही, उजव्यानेही नाही. आणि शेवटी झोपलेली माणसं मारून आल्यावर जेव्हा तो अस्त्र सोडतो तेव्हा हातात असतं काय, गवताची एक काडी. व्यास आणि नारद मध्ये उभे राहिल्यावर अर्जुन आपलं अस्त्र मागे घेतो, याला घेता येत नाही, आणि ते जातं उत्तरेच्या पोटातल्या बाळावर. सगळं पुराणातच आहे. माझ्या भाचीने फक्त काडीला बोलायला तोंड दिलंय.

आपण गावाकडे अश्वत्थामा म्हटलं की काय सांगतो, कपाळावर भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरतो. मलाही लहानपणी हेच सांगून घाबरवायचे. पण त्या जखमेच्या आधीची जखम कोणी सांगितली नाही, पिठाच्या पाण्याची, ती या सोळा वर्षांच्या मुलीला सापडली.

आता इथलं सांगते. फिनलंडचं महाकाव्य आहे कालेवाला, एलियास लोन्रोत नावाच्या डॉक्टरने खेड्यापाड्यांतली गाणी गोळा करून 1835 ला छापलं आणि 1849 ला वाढवून पुन्हा. त्यात कुल्लेर्वो नावाचा मुलगा आहे. काकानेच त्याचं कुळ कापून काढलेलं, हा त्याच्याच घरी जन्मतो आणि शेवटी गुलाम म्हणून लोहाराला विकला जातो. लोहाराची बायको त्याला गुरं राखायला पाठवते आणि भाकरीत मुद्दाम दगड घालून भाजते. रानात तो भाकरी कापायला जातो आणि सुरी दगडावर मोडते, आणि ती सुरी म्हणजे त्याच्या बापाची त्याच्याकडे उरलेली एकुलती एक वस्तू. तिथून पुढे सगळा नाश, लोहाराच्या बायकोचा, नात्याचा, काकाच्या घराचा, आणि शेवटी तो तलवारीला विचारतो की माझं रक्त पिशील का, तर ती म्हणते का नाही पिणार, निरपराधांचं प्यायलेय तर तुझं का नको.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात पिठाचं पाणीच आलं. दोन टोकांचे दोन देश, एकमेकांचं नाव न ऐकलेले गाणारे लोक, आणि दोघांनाही हेच कळलेलं की भयंकर शस्त्र हातात येण्याच्या खूप आधी त्या मुलाच्या ताटात कोणीतरी काहीतरी खोटं वाढलेलं असतं. आणि मला इथलं जे मनापासून आवडतं ते हे, की कुल्लेर्वो मेल्यावर त्याच काव्यातला म्हातारा गायक वैनामोइनेन त्याला शिव्या देत नाही, तो लोकांना सांगतो की पोरांना असं वाईट वागवून, परक्यांच्या हाती सोडून वाढवू नका, असं वाढलेलं पोर मोठं झालं तरी शहाणं होत नाही. म्हणजे महाकाव्यातच दोष मोठ्यांच्या पदरात घातलाय.

आणि इथे या कुल्लेर्वोला कोणी हात लावू नये असं कोणी म्हणत नाही. सिबेलियसने 1892 ला त्याच्यावर संगीतरचना केली, गालेन-काल्लेलाने 1899 ला मूठ उगारलेला चिडलेला पोरगा रंगवला, तो हेलसिंकीच्या आतेनेउम म्युझियममध्ये आहे. आणि टोल्किन, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा लेखक, ज्याच्यामुळे आजची अर्धी फँटसी उभी आहे, त्याने विद्यार्थी असताना 1914 च्या सुमाराला काय केलं, तर कुल्लेर्वोचीच गोष्ट आपल्या पद्धतीने लिहायला घेतली. अर्धी राहिली, पुस्तक म्हणून आली थेट 2015 ला, पण त्यातूनच पुढे त्याच्या कथांतला तूरिन नावाचा नायक आला आणि तूरिनची बोलणारी काळी तलवार. आज सोळा वर्षांच्या मुलीने तेच केलं तर त्याला आपण खूळ म्हणतो.

पण इथलं सगळं चांगलं आणि आपल्याकडचं मागासलेलं, असं मी अजिबात म्हणत नाहीय, उलट काकांवर माझा राग आहे तो यासाठीच की ते शिरोड्याचे असून असं बोलतात. वि. स. खांडेकर 1920 ला आपल्याच गावच्या शाळेत मास्तर म्हणून आले आणि 1938 पर्यंत राहिले. त्यांनी पुढे ययाती लिहिली ती काय पुराणातली जशीच्या तशी उतरवून काढली? राजाला स्वतःच्या तोंडाने बोलायला लावलं, देवयानी-शर्मिष्ठेला बोलायला लावलं, आणि मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ त्यालाच मिळालं. आणि दशावतार? काका, तुम्ही रात्र रात्र जागून बघता तो दशावतार लिहिलेला असतो का? आख्यान कुठलं ते त्या दिवशी ठरतं, कोण कोणाची भूमिका करणार ते ठरतं, आणि संवाद नट उभ्या उभ्या आपल्या डोक्यातून बोलतो, पायपेटी आणि मृदंगाच्या साथीला. लाकडी तलवार घेऊन आलेला राक्षससुद्धा आपलं दुःख सांगतो आणि पहाटे चारला बायका डोळे पुसतात, ते दुःख कुठल्या पोथीत असतं? तो नट जे करतो तेच भाची करते, फक्त ती टाईप करते.

आणि एक गोष्ट कोकणातल्या माणसाने तर विसरूच नये. आपली ही किनारपट्टी परशुरामाने समुद्र हटवून मिळवली असं आपण मानतो, कोणी बाण म्हणतं कोणी परशू, चिपळूणजवळच्या त्याच्या देवळात आपण सगळे जाऊन आलोय. तोच परशू बापाच्या आज्ञेवरून त्याने आईच्या मानेवर चालवला होता. महाभारताच्या वनपर्वात बाप खूष होऊन वर माग म्हणतो तर हा पोरगा काय मागतो, आई परत जिवंत होऊ दे, आणि त्या वधाची आठवण राहू नये. आठवण राहू नये! एवढं एक वाक्य आहे तिथे आणि ते मला कुठल्याही आधुनिक ट्रॉमाच्या गोष्टीपेक्षा जास्त हलवतं. ज्या शस्त्राने आपल्याला जमीन दिली असं आपण म्हणतो ते आधी कोणाच्या सांगण्यावरून कशासाठी वापरलं गेलं, हे एखाद्या मुलीने विचारलं तर देवाचा अपमान कसा होतो, मला खरंच कळत नाही.

आता आत्याचं. आत्या, तुझी भीती मी हसण्यावारी नेत नाही. फॅनफिक्शनमध्ये एक आळशी प्रकार खूप चालतो आणि मला तो आवडत नाही: पोराला जितका छळ तितकी तलवार जोरदार. मारहाण झाली की नवी शक्ती, कोणी मेलं की नवं अस्त्र. हे वाचून वाचून एखाद्या खचलेल्या मुलाला आपलं दुखणं म्हणजे आपली ताकद वाटायला लागेल, मग तो ते कोणाला सांगणारच नाही, जपून ठेवेल. भाचीची गोष्ट याच्या बरोबर उलट आहे, तिथे अस्त्र स्वतःच थांबवून विचारतं, म्हणून तर मी तिच्या बाजूने एवढी बोलतेय.

आणि इथेही पोरं सुखात आहेत असं समजू नकोस. 2024 च्या एप्रिलमध्ये इथून फार लांब नसलेल्या व्हान्टाच्या एका शाळेत बारा वर्षांच्या मुलाने बरोबरीच्या मुलांवर गोळ्या झाडल्या, एक मूल गेलं, दोघं गंभीर जखमी झाली. बंदूक नातेवाइकाची होती. दुसऱ्या दिवशी देशभर झेंडे अर्ध्यावर होते. त्या आठवड्यात ऑफिसात कोणी जेवताना मोठ्याने बोलत नव्हतं. ज्या देशात शाळा चांगल्या, लायब्ऱ्या चांगल्या, तिथेही मुलाच्या हातात शस्त्र पोचतं. मी या प्रकरणाचा कुठल्या गोष्टीशी किंवा गेमशी संबंध जोडत नाहीय, उलट असं झालं की पहिला प्रश्न तो काय वाचायचा असा येतो आणि बंदूक कुठून आली हा नंतर, याचा मला त्रास होतो.

फॅनफिक्शनच्या जगाने स्वतःपुरती एक चांगली सवय लावून घेतलीय. आर्काइव्ह ऑफ अवर ओन नावाचं मोठं संकेतस्थळ आहे, वाचकांनीच चालवलेलं, 2019 ला त्याला विज्ञानकथा-फँटसीसाठीचा ह्युगो पुरस्कार मिळाला. तिथे लिहिणारा आधीच टॅग लावतो, यात हिंसा आहे, यात मुख्य पात्र मरतं, म्हणजे ज्याला नको तो उघडणार नाही. चांगलंच आहे. पण टॅग वाचकाला सावध करतो, लिहिणाऱ्या मुलीच्या बाजूला येऊन बसत नाही. ते आपल्याकडे जत्रेत होतं, म्हणजे माझ्या लहानपणी होत होतं. दशावतारातल्या संकासुर राक्षसाला घाबरून मी आजीच्या पदरात तोंड घालायचे आणि ती सांगायची, बघ आता विष्णू येईल. राक्षस का रडतो विचारलं तर उत्तर द्यायला माणूस होतं. इथल्या मुलांकडे मोठमोठ्या लायब्ऱ्या आहेत, हेलसिंकीच्या ओदीमध्ये शिवणयंत्रं आणि थ्रीडी प्रिंटर आहेत, पोरं तिथे वेष शिवतात, तलवारीच्या मुठी छापतात, मला बघायला फार आवडतं. पण घरी गेल्यावर त्या तलवारीची गोष्ट ऐकायला आजी नसते बऱ्याच जणांना.

भाचीकडे आजी आहे, आत्या आहे, काकासुद्धा आहेत, आणि तिची गोष्ट वाचली आहे ती अनोळखी लोकांनी आणि मी, दोन समुद्र ओलांडून. आत्या, तिला काय झालंय का हे मला विचारू नकोस, तिला विचार, आणि गोष्ट बंद कर असं न म्हणता विचार. नसेल झालं काही तर गोष्ट उरतेच. असेल तर ती गोष्ट लिहितेय म्हणून तर तुला कळलं ना.

आणि काका, यंदाच्या जत्रेला तिला शेजारी बसवून घ्या. नाटक सुरू व्हायच्या आधी तिची गोष्ट तिच्याच तोंडून पूर्ण ऐका, मध्ये न बोलता. नंतर सौप्तिक पर्वावरून काय भांडायचं ते भांडा तिच्याशी, तिने ते तुमच्यापेक्षा जास्त वाचलंय, आणि तुम्ही दशावतार तिच्यापेक्षा जास्त बघितलाय. त्या भांडणातून जे काय निघेल ते पुढच्या वर्षी एखाद्या मंडळाला आख्यान म्हणून सुचवा, अश्वत्थाम्याचं, गवताच्या काडीसकट. मी तिकीट काढून येते.