शाहजहानचा प्याला आणि बुऱ्हाणपूरचा दुष्काळ

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून परतलेल्या मित्राने कट्ट्यावर मोबाइलवरचे एक छायाचित्र फिरवले आणि रविवारची सगळी संध्याकाळ त्यावरच्या वादात गेली. छायाचित्र शाहजहानच्या मद्याच्या प्याल्याचे होते. पांढऱ्या जेड या मौल्यवान दगडाचा हा प्याला जेमतेम १९ सेंटिमीटर लांब असून त्याची वाटी उभ्या चिरलेल्या भोपळ्यासारखी आहे, निमुळते होत गेलेले टोक वळून बकऱ्याचे मुंडके झाले आहे आणि तळाशी कमळ उमलले आहे. दगड इतका पातळ झिजवला आहे की त्यातून उजेड झिरपतो.

इतिहास शिकवणारे आमचे मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "१६३० साली दुष्काळ पडला तेव्हा हाच बादशहा निजामशाहीवरच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता. त्याच दुष्काळात देहूला तुकोबांचे घर बुडाले आणि त्यांची एक पत्नी अन्न अन्न करीत गेली. हे माहीत असताना मी या प्याल्याला सुंदर कसे म्हणू?"

आमचा सराफ मित्र लगेच म्हणाला, "देहू मोगलांच्या अमलाखाली नव्हते, आणि पाऊस बादशहाने रोखला नव्हता. त्याने लंगर म्हणजे मोफत अन्नछत्रे उघडली, सुमारे ७० लाख रुपयांचा शेतसारा माफ केला, हेही सांगा ना."

मास्तरांनी ते नाकारले नाही. त्यांनी फक्त दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याचेच आकडे पुढे ठेवले. बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये असे २० सोमवारांत १ लाख रुपये वाटले गेले. त्याच सुमारास तयार होत असलेल्या आणि १६३५ मध्ये पूर्ण झालेल्या मयूरासनावर, म्हणजे बादशहाच्या रत्नजडित सिंहासनावर, मात्र १ कोटी खर्च झाले, त्यांपैकी ८६ लाखांची नुसती रत्ने होती. भाकरीसाठी जीव देऊ केला तरी घेणारा मिळत नव्हता, असे दुष्काळाचे वर्णन लिहिणारा माणूसही हाच लाहोरी. "आणि साऱ्याची माफी म्हणशील, तर त्या शेतांत पिकलेच काय होते, की बादशहाने सारा वसूल करावा?" या प्रश्नावर सराफ निरुत्तर झाला, आणि खरे सांगायचे तर मीही.

तरीही सिंहासनाचा दोष प्याल्यावर लादणे मला मान्य नव्हते आणि मी ते बोलून दाखवले. मयूरासनाची किंमत सोन्यात आणि रत्नांत होती, म्हणूनच १७३९ मध्ये नादिरशहाने ते नेले आणि पुढे ते मोडले गेले. या प्याल्यात सोने नाही, एकही खडा जडवलेला नाही. तो फोडला तर हाती केवळ दगडाचे तुकडे राहतील, कारण त्याचे जवळजवळ सगळे मोल कारागिराच्या श्रमात आहे.

सराफाने मग ते श्रम समजावून दिले, आणि माझ्या मते संध्याकाळचा सर्वांत मोलाचा भाग तोच होता. जेडचे सूक्ष्म तंतू एकमेकांत इतके घट्ट गुंतलेले असतात की त्यावर लाकडासारखी किंवा संगमरवरासारखी छिन्नी चालत नाही. कुरुंदासारख्या अधिक कठीण खनिजाची ओली भुकटी फिरत्या चाकावर घेऊन तो कणाकणाने झिजवावा लागतो. बकऱ्याच्या मानेचा बाक, कानामागची खोलगट जागा, कमळाची प्रत्येक पाकळी, सारे असेच उतरले आहे, आणि एके ठिकाणी जास्त झिजले तर भरून काढण्याची सोय नाही.

"मग त्या माणसाचे नाव काय?" मास्तरांनी विचारले.

प्याल्यावर कोरलेला मजकूर आहे, पण त्यात बादशहाचा 'दुसरा साहिब-ए-किरान' (शुभ ग्रहयुतीचा स्वामी) हा तैमूरच्या बिरुदावरून घेतलेला किताब आणि हिजरी १०६७, म्हणजे इसवी सन १६५७, एवढेच आहे. त्याच वर्षी शाहजहान आजारी पडला, मुलांत वारसायुद्ध पेटले आणि १६५८ पासून मृत्यूपर्यंतची आठ वर्षे त्याने आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत काढली. हा प्याला अनेक हातांतून फिरत १९६२ मध्ये संग्रहालयात पोहोचला, आणि आजही तो शाहजहानचा प्याला म्हणूनच ओळखला जातो.

मास्तरांनी मोबाइल पुन्हा मागून घेतला आणि बकऱ्याच्या तोंडाचा भाग मोठा करून पाहिला. "याला सुंदर म्हणायला माझी हरकत नाही," ते म्हणाले, "पण शाहजहानचा मी म्हणणार नाही."