सावली प्रकाश चुकवते म्हणे!

"सेव्ह केला. काही होत नाही." डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या फाशांच्या खेळात मी क्लेरिक, म्हणजे देवाचे मंत्र टाकणारा; शत्रूने फासा टाकून माझा मंत्र चुकवला की येणारं हे वाक्य आता मला ऐकवत नाही.

सावली! खेळातली राक्षसीण, अंधाराचीच बनलेली, रेडियंट, म्हणजे प्रकाशाचं, डॅमेज दुप्पट खाणारी. तिच्या डोक्यावर मी सेक्रेड फ्लेम, माझी पवित्र ज्योत, उतरवतो आणि ती बाजूला सरकते? प्रकाशाला हुलकावणी देते?

कालचंच सांगतो. तिसरी लेव्हल, तळघर, माझे स्लॉट, म्हणजे मोठे मंत्र टाकायची शिल्लक, संपलेले. सगळे ह्या लोकांच्या मलमपट्टीत गेले, कारण दार उघडण्याआधी जरा थांबावं हे आमच्या फायटरला सात जन्मांत कळणार नाही. तरी माणूस आपलाच. सावलीने त्याची स्ट्रेंग्थ ओढून ओढून ३ वर आणलेली. तिचे हिट पॉइंट उरलेले ५. माझ्या डी-आठवर, म्हणजे आठ बाजूंच्या फाशावर, नुसते ३ पडले असते तरी दुप्पट होऊन ती खलास. डीसी, म्हणजे चुकवायला लागणारा आकडा, १३. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, वीस बाजूंचा फासा टाकला, १४ पडले, वर डेक्स्टेरिटीचे २. सेव्ह केला. काही होत नाही. लगेच तिच्या टर्नला फायटरला फटका, डी-चारवर ३, स्ट्रेंग्थ शून्य, मेला. आता काही तासांत त्याच्याच प्रेतातून नवी सावली उठणार आणि तिच्यावरही मी हीच ज्योत सोडायची!

वर म्हणतात, "नशीब रे." नशीब कसलं? सावलीचा एसी, म्हणजे तिला फटका लागायला हवा तो आकडा, १२. विझार्डचा फायर बोल्ट +५ ने ७० टक्के वेळा लागतो, १२० फुटांवरून, क्रिटसकट, म्हणजे २० पडले की डॅमेजचे फासे दुप्पट. तिला आगीचा रेझिस्टन्स आहे, तरी निम्मं डॅमेज बसतंच. माझी ज्योत ६० फुटांवरून, निम्म्या वेळा फुकट, क्रिट कधीच नाही. ब्लेस, म्हणजे आपल्या फाशात भर घालणारा मंत्र, टाकून काही उपयोग नाही, कारण फासा माझ्या हातातच नाही. "अरे, कँट्रिप आहे, फुकटचा मंत्र, स्लॉट कुठे जातो?" फायर बोल्टला कुठे जातो? आणि फायरबॉलला सेव्ह केला तर निम्मं डॅमेज, मला शून्य!

गायडिंग बोल्टचं तर बोलायलाच नको. स्लॉट घालून शत्रू उजळवायचा, पुढच्याला ॲडव्हान्टेज द्यायचा, आणि आमचा रोग, म्हणजे चोराचं पात्र खेळणारा, मोबाइलमधून मान वर काढून भलत्याच गॉब्लिनला बाण मारणार. आणि २०१४च्या नियमपुस्तकातला डेलाइट! तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट, साठ फुटांचा लखलखाट, आणि व्हॅम्पायर त्यात खुशाल उभा, त्याला चटका नाही. २०२४च्या पुस्तकात ते तरी सुधारलं. सेक्रेड फ्लेमचं सेव्हवर शून्य मात्र तसंच ठेवलं.

पुढच्या रविवारपासून आमच्या टेबलावर सेव्ह केला तरी निम्मं डॅमेज. डीएमला सकाळीच लिहून पाठवलंय. मान्य नसेल तर मलमपट्टी ज्याची त्याने करावी.