मेनू आपोआप गेला नाही, भाऊ

नमस्कार भाऊ. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलं की महिन्याभरात वेबसाइटचा मेनू आपोआप गायब झाला, सगळी पानं वर एका ओळीत आली, कलमांचे भाव गिऱ्हाइकाला सापडत नाहीत, फोन उचलत नाहीत आणि ८ हजार पाण्यात गेले.

फोनचं माझं चुकलं. शेतावर होतो, तिथं रेंज नसते, पण रात्री घरी आल्यावर तरी उलटा फोन करायला पाहिजे होता. ऐन जूनच्या तोंडावर नर्सरीवाल्याचा जीव कसा टांगलेला असतो, हे वरूडात राहून मला माहीत नाही असं नाही. माफी मागतो.

पण "आपोआप" हा शब्द लागला. २ मे रोजी तुमच्याच ओसरीत बसून मेनू लावला होता. वर पाचच नावं: मुखपृष्ठ, कलमं, भाव, लागवड, संपर्क. संत्रा, मोसंबी आणि लिंबू ही पानं ओढून थोडी उजवीकडे सरकवली की "कलमं"च्या पोटात जातात, हेही तुम्हाला करून दाखवलं. तुम्ही स्वतः मोबाइलवर उघडून पाहिलं आणि "आता बरोबर झालं" म्हणालात.

काल आत जाऊन पाहिलं. साइटला नवी थीम, म्हणजे दिसण्याचा साचा, लावलेली आहे आणि तिच्या फोल्डरवर २६ मे, रात्रीचे १०:४० अशी वेळ आहे. तुमची साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसमध्ये मेनू वेगळा असतो आणि तो दाखवायची जागा थीम ठरवते. थीम बदलली आणि जागांची नावं जुळली नाहीत, तर मेनू आत तसाच राहतो, फक्त कुठंच लागलेला नसतो. मग बऱ्याच थीम असतील नसतील तेवढी सगळी पानं ओळीनं मांडून टाकतात. तुमची २३ पानं अशीच वर आली. तुमचा मेनू आजही आत जसाच्या तसा आहे, एक नाव हललेलं नाही. थीम तुमच्या भाच्यानं बदलली असेल, तर पोरावर माझा राग नाही. पासवर्ड मीच दिला होता, साइट तुमची आहे. पण बदलायच्या आधी एक फोन केला असता, तर दोन मिनिटांचं काम होतं.

आणि ८ हजारांत डोमेन (साइटचा पत्ता) अन् वर्षभराचं होस्टिंगही (साइट ठेवायची जागा) आहे, तेवढं लिहायचं राहिलं तुमच्याकडून. सात वर्षांपासून या तालुक्यात हेच काम करून राहिलो. दुकानाला बोर्ड नाही भाऊ, लोक हे रिव्ह्यू वाचूनच येतात.

इथून पुढे अशा गोष्टी लिहून देत जाईन, फोनचंही काहीतरी बघतो. तुमचा मेनू आज संध्याकाळी वर्डप्रेसच्या "मॅनेज लोकेशन्स"मधून, म्हणजे मेनूची जागा ठरवायच्या पानावरून, नव्या थीमला जोडून देतो, पैसे नकोत. "भाव" दुसऱ्या नंबरवर घेऊ का, तेवढं कळवा.